ऑल-स्टारमध्ये कोण घुसलं, कोणाला डावललं? आपापले किस्से टाका

मंडळी, जुलै हा बेसबॉलवाल्या घरांत भांडणाचा महिना. ऑल-स्टार म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल या मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगमधल्या निवडक खेळाडूंचा दरवर्षीचा प्रदर्शनी सामना. त्याचे संघ जाहीर झाले की आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नसतो. नवरा यँकीजचा, मुलगा मेट्सचा आणि मी तटस्थ, म्हणजे दोघांनाही चिडवणारी. 2025 च्या निवडीनं तर कहर केला. 15 वर्षांसाठी 76 कोटी 50 लाख डॉलरचा करार झालेला मेट्सचा हुआन सोटो, जूनमधला नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि ऑल-स्टारमध्ये नाही! मेट्सचेच लिंडोर, अलोन्सो, डियाझ गेले, सोटो घरी. मुलाचा चेहरा बघवत नव्हता. नवऱ्याला मात्र उकळ्या फुटत होत्या, कारण हाच सोटो यँकीजना टांग मारून मेट्सकडे गेलेला. "बसू दे घरी पैसे मोजत," इति नवरोबा.

नवख्यांसाठी एवढंच: सुरुवातीचे फलंदाज चाहत्यांच्या मतांवर ठरतात, पिचर (चेंडू फेकणारे) आणि राखीव यांतले बरेचसे खेळाडूंच्या मतांवर, उरलेल्या जागा कमिशनरचं, म्हणजे मेजर लीगच्या प्रमुखाचं, ऑफिस भरतं. शिवाय तीसही संघांतला किमान एकेक जण हवाच. यातल्या प्रत्येक नियमावर कोणीतरी जळतं. तुम्ही कशावर जळता ते लिहा. आकडेवारी चालेल, शिवीगाळ नको.

फिलीकर

मिझिओरोव्स्की हे नाव आमच्या घरात घ्यायचं नाही. मिलवॉकीचा पिचर पोरगा, मेजर लीगमध्ये येऊन जेमतेम महिना झालेला, पाच सामन्यांत सुरुवात केलेली. पाच! त्याच्या आधी सगळ्यात कमी सामने खेळून ऑल-स्टार झालेला पॉल स्कीन्स, त्याचेसुद्धा अकरा झाले होते. ताशी 100 मैलांच्या वर चेंडू फेकतो, बघायला मजा येते, सगळं मान्य. पण आमच्या फिलीजचा पिचर क्रिस्टोफर सांचेझ मार्चअखेरीपासून राबतोय त्याचं काय? बदली जागा निघाली तीसुद्धा त्याला नाही. आमच्या खेळाडूंनीही पत्रकारांपुढे नाराजी लपवली नाही, आणि मला ते आवडलं.

रागारागात सामना बघायचा नाही असं ठरवलं होतं. अर्थात लावलाच. नॅशनल लीग 6-0 पुढे, म्हटलं झोपावं. तेवढ्यात अमेरिकन लीगच्या रूकरचा तीन धावांचा होमरन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर), मग नवव्या इनिंगमध्ये दोन आऊट असताना क्वाननं चेंडू इनफिल्डमध्येच हळू ढकलला आणि 6-6! पुढं जादा इनिंग नाहीच, तर प्रत्येक बाजूचे तीन फलंदाज, प्रत्येकाला तीन फटके, ज्यांचे होमरन जास्त ते जिंकले. आणि त्यासाठी कोण उतरलं? आमचा श्वार्बर. तीन फटके, तीन होमरन. तिसऱ्याला तर एक गुडघा जमिनीला टेकला होता. बायको वरून ओरडली, काय झालं म्हणून. मूळ सामन्यात एकही हिट नाही आणि सामनावीराचा मान त्यालाच. पुढे अलोन्सोवर यायची वेळच आली नाही, 4-3 नं काम झालं.

सांचेझचा राग त्यानं गेला असं मात्र समजू नका.

मिलवॉकीचा मामा

फिलीकर, नवा पोरगा आमचा असल्यामुळे निःपक्षपाती मत देतो: योग्य निवड. हा प्रदर्शनी सामना आहे हो, सचोटीचं सर्टिफिकेट नाही. लोक ज्याला बघायला टीव्ही लावतात त्याला बोलवा.

आणि त्या फटक्यांच्या स्पर्धेला नावं ठेवणाऱ्यांनी 2002 आठवावं. मी मिलर पार्कमध्ये वरच्या मजल्यावर होतो. 11 इनिंग झाल्या, 7-7, दोन्हीकडचे पिचर संपले. सामना आपल्या गावात, कमिशनर बड सीलिग आपल्याच गावचा, आणि त्यानं हात वर करून बरोबरी जाहीर केली. लोकांनी त्याची जी हुर्यो उडवली! माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा स्कोअरकार्ड भरत होते, त्यांना शेवटच्या चौकोनात काय लिहावं हेच कळेना. पुढच्या वर्षापासून जी लीग जिंकेल तिला वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीत, घरच्या मैदानाचा फायदा, असा नियम आला आणि 2016 पर्यंत टिकला. तोही खुळचटच होता. त्यापेक्षा होमरन मोजलेले परवडले.

कॅन्ससची सून

त्या "खुळचट" नियमावर आमचं 2015 उभं आहे, मामा. तेव्हा मतदान पहिल्यांदाच पूर्ण ऑनलाइन झालं. एका ईमेलवर 35 मतं. आमच्या ऑफिसात दुपारच्या डब्यानंतर हेच काम. आमच्या कॅन्सस सिटी रॉयल्सच्या चाहत्यांनी असा सपाटा लावला की जूनच्या मध्याला नऊपैकी आठ जागांवर आमची माणसं आघाडीवर, बाहेरचा एकटा माइक ट्राउट. ओमार इन्फांटेसुद्धा पुढे, ज्याची बॅट त्या वर्षी रुसलेली होती. सासरे म्हणाले, "अगं, ही ग्रामपंचायत झाली." मग लीगनं साडेसहा कोटी मतं बाद केली, अल्तुवे इन्फांटेच्या पुढे गेला आणि शेवटी आमचे चौघे स्टार्टर राहिले: पेरेझ, एस्कोबार, केन, गॉर्डन. त्या चौघांवर कोणी बोट ठेवून दाखवावं.

अमेरिकन लीग जिंकली, घरचं मैदान मिळालं, आणि वर्ल्ड सिरीज आम्ही मेट्सना 4-1 नं हरवून नेली. मत द्या म्हटलं, आम्ही दिली. भरभरून दिली, त्यात आमचा काय दोष?

धागाकर्ती

मेट्सचं नाव काढायची गरज होती का? मुलगा वाचतोय.

ओहायोचे काका

सूनबाई, तो 2015 चा सामना कुठं झाला सांगा बरं? सिनसिनाटीत! या विद्येचं मूळ पीठच ते. 1957 साली तिथल्या वर्तमानपत्रानं आधीच खुणा केलेल्या मतपत्रिका छापल्या. लोकांनी त्या ढिगानं भरून पाठवल्या आणि नॅशनल लीगच्या सुरुवातीच्या संघात आठपैकी सात सिनसिनाटीच्या रेड्स संघाचे. पहिल्या बेसवर तेवढा सेंट लुईसचा म्युझियल वाचला. कमिशनर फोर्ड फ्रिकनं गस बेल आणि वॉली पोस्टला काढून तिथं विली मेज आणि हँक आरनला बसवलं. वर चाहत्यांचा मताचा हक्कच काढून घेतला, तो परत मिळाला 1970 मध्ये.

मी शिकायला आलो तेव्हाची माझी घरमालकीण त्या मतदारांपैकी एक. मेज आणि आरन मोठे खेळाडू होते हे ती मान्य करायची, पण गस बेलवर अन्याय झाला यावर ठाम. भाडं द्यायला गेलो की कॉफी आणि गस बेल, दोन्ही मिळायचे. तिच्याशी वाद घालायची माझी कधी छाती झाली नाही. आज घालतो: फ्रिकनं केलं ते बरोबर केलं. पण मताचा हक्क काढून घेणं हा अतिरेक झाला.

पिट्सबर्गवासी

प्रत्येक संघाचा एक, या नियमाला नावं ठेवणाऱ्यांनो, ठेवा. 2003 मध्ये आमच्या पायरेट्सचा पिचर माइक विल्यम्स गेला होता, ईआरए (दर नऊ इनिंगला पिचरनं दिलेल्या धावा) सहाच्या वर असताना! त्याच्यावरून आजवर टोमणे खातोय. तरीही नियम हवा. नाहीतर पायरेट्सच्या पोरांनी जुलैत टीव्ही कशासाठी लावायचा?

ऑरेंज काउंटी

आमच्या टिम सॅमनचं कोणी नावच घेत नाही. एंजल्सचा जन्मभराचा माणूस, 1993 चा सर्वोत्तम नवोदित, कारकिर्दीत 299 होमरन, आणि ऑल-स्टार एकदाही नाही. आमच्या शिवाजी पार्ककडच्या लोकांना हे दुखणं समजवावं लागत नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले, पण बेदी असल्यामुळे एकही कसोटी नाही. सॅमनच्या वाटेत तर तसा एकच कोणी बेदी पण नव्हता. दरवर्षी आऊटफिल्डमध्ये कोणी ना कोणी त्याच्यापेक्षा जास्त गाजत होतं, बस. मामा, तुमच्या "टीव्हीसाठी बोलवा"चा हिशेब असा होतो.

मिलवॉकीचा मामा

सॅमनवर मी गप्प. शिवलकरांवर तर कानाला हात. पण मिझिओरोव्स्कीवर नाही!

फिलीकर

2026 चा सामना फिलाडेल्फियालाच आहे, मामा. या. तुमच्या पोराला आमच्या मैदानात कसं हुर्यो करतात ते दाखवतो. मुक्काम आणि जेवण माझ्याकडे, तिकिटांचं तेवढं तुम्ही बघा.