जवळचा फोटो की जवळून काढलेला फोटो?

ढोकाळीकर
मंडळी, मदत हवी आहे. सोसायटीतल्या मुलांना सुट्टीत चार दिवस फोटो काढायला शिकवायचं ठरवलंय. कॅमेरे नाहीत, आई-बाबांचे मोबाइल. सगळं मराठीत सांगायचं म्हणून एक पानी टिपण लिहायला बसले आणि तिसऱ्या ओळीला अडले. क्लोजअप, मिड शॉट, लाँग शॉट, लो अँगल, हाय अँगल यांना मराठीत काय म्हणायचं? कुणीतरी समीपदृश्य, मध्यदृश्य, दूरदृश्य, निम्नकोन, उच्चकोन अशी यादी पाठवली. ती वाचून दाखवली तर दुसऱ्या दिवशी समोर फक्त माझा मुलगा बसलेला असेल, तोही जबरदस्तीने. सध्या मी क्लोजअपला 'जवळून काढलेला फोटो' आणि लो अँगलला 'खालून काढलेला फोटो' लिहिलंय. चालेल ना?

कोशातला किडा
दूरदृश्य नकोच, दूरदर्शनचा भाऊ वाटतो. 'जवळून काढलेला' जरा पसरट आहे, पण कळतं. चालवून घ्या.

खाजण
चालवून घेऊ नका, चूक आहे. पसरटपणाचा प्रश्नच नाही.

नेरुळला टी. एस. चाणक्यच्या मागच्या पाणथळीवर मी रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो. मोठा रोहित उभा राहिला की साधारण सव्वा मीटर. 600 मिमीची, म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणारी लेन्स, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आडवा धरलेला, पक्षी 40 मीटरवर. त्या अंतरावर चौकटीत उभं मावतं ते 1.6 मीटर. म्हणजे पक्षी पायापासून डोक्यापर्यंत चौकट भरून येतो. घरी दाखवला की सगळे म्हणतात, 'बापरे, किती जवळून काढलास!' अहो, चाळीस मीटरवरून काढलाय. 50 मिमीच्या लेन्सने पक्षी तेवढाच मोठा हवा असेल तर साडेतीन मीटरच्याही आत जावं लागेल, आणि तोवर अख्खा थवा ऐरोलीला पोचलेला असेल.

तेव्हा तो फोटो 'जवळचा' आहे, पण 'लांबून काढलेला' आहे. क्लोजअप हे नाव चौकटीत काय किती मावलं ते सांगतं. कॅमेरा कुठे होता ते नाही सांगत.

कोशातला किडा
मान्य. उलट मला आनंद झाला, कारण हा फरक मराठी प्रत्ययांनी आधीच करून ठेवलाय. 'जवळून' मधला 'ऊन' पंचमीचा, क्रिया कुठून घडली ते सांगणारा. 'जवळचा' मधला 'चा' षष्ठीचा, वस्तूला चिकटणारा. फक्त 'जवळचा फोटो' म्हटलं की टेबलावर हाताशी पडलेला फोटो असाही अर्थ निघतो, तेवढी पंचाईत.

ढोकाळीकर
पण मुलांच्या मोबाइलला कुठली 600 मिमी? दोन बोटांनी मोठं करतात नाहीतर पुढे चालत जातात. त्यांना या फरकाचं काय?

खाजण
ताई, त्यांनाच जास्त. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण 24 ते 26 मिमीच्या तोडीची, म्हणजे रुंद बघणारी. चेहरा चौकटभर हवा म्हणून मूल मोबाइल आजीच्या नाकाशी नेतं. हिशेब करा. नाकाच्या टोकापासून कान साधारण 12 सेंटीमीटर मागे. मोबाइल नाकापासून 30 सेंटीमीटरवर धरला तर कान 42 सेंटीमीटरवर गेले, म्हणजे नाकाच्या मानाने ते 71 टक्केच दिसणार. दोन मीटरवरून काढला तर 200 ला 212, म्हणजे 94 टक्के. पहिल्या फोटोत आजीचं नाक भजीएवढं दिसतं आणि आजी म्हणते माझे फोटो चांगले येत नाहीत. आजीचा दोष नाही आणि लेन्सचाही नाही. दोन मीटरवरून त्याच मोबाइलने काढा आणि नंतर चेहऱ्यापुरता कापा, नाक जागेवर येतं. नाक-कानाचं प्रमाण बदलतं ते फक्त उभं राहायची जागा बदलल्यावर.

म्हणून मुलांना दोन वेगळे प्रश्न द्या: किती मावतंय? आणि कुठून काढतोयस?

उभा-आडवा
तुमचं वाचत होतो. चाळीस वर्षं ठाण्यात स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो. आमच्याकडे गिऱ्हाईक अंतर सांगत नसे, अंग सांगत असे. 'पासपोर्ट', 'हाफ', 'फुल'. लग्नात सांगायचे, 'कमरेपर्यंत घ्या', 'नुसता चेहरा घ्या', 'शालू दिसला पाहिजे, पायापर्यंत घ्या'. तुमचे क्लोजअप, मिड, लाँग हेच की. सिनेमावाल्यांचंही माप अंगाचंच असतं: चेहरा म्हणजे क्लोजअप, कमरेपासून वर मिड, डोक्यापासून पायापर्यंत लाँग. लाँगला आमची पोरं 'लांबचा' म्हणायची, कानाला तसंच लागतं म्हणून. तिथूनच हा घोळ सुरू होतो बघा.

एक जपा. 'गुडघ्यापर्यंत' म्हटलं तरी बरोबर गुडघ्यावर कापू नका. मनगट, कोपर, घोटा, सांध्यावर चौकट आली की माणूस तोडल्यासारखा दिसतो. चार बोटं वर किंवा खाली.

शब्दाने मला एकदा चांगलंच गोत्यात आणलंय. एका हॉलमध्ये नवरीच्या मामांनी सांगितलं, 'जोडीचा एक उभा फोटो घ्या, मोठा करून लावायचाय.' मी दोघांना उभं केलं, कॅमेरा आडवा ठेवला, फुलांची कमान छान आली. मामांना हवा होता उभा, म्हणजे उभट चौकटीचा, भिंतीवर खिडकीशेजारच्या अरुंद जागेत बसणारा. नवरा-नवरी बसलेले चालले असते त्यांना. पैसे कापले. तेव्हापासून मी विचारतो, 'माणसं उभी की फोटो उभा?' लोक हसतात, पण उत्तर देतात.

कोशातला किडा
काका, हे सोन्यासारखं आहे.
आता कोनांकडे येऊ. 'निम्नकोन' मला मुळातच पटत नाही, कारण दहावीच्या भूमितीत याला चांगले शब्द आहेत. नजर क्षितिजाच्या वर गेली की 'उन्नत कोन', खाली गेली की 'अवनत कोन'. गंमत अशी की इंग्रजीतला 'लो' कॅमेऱ्याची जागा सांगतो आणि भूमितीतला 'उन्नत' नजरेची दिशा सांगतो. म्हणजे लो अँगलचा फोटो हा उन्नत कोनाचा फोटो! निम्नकोन लिहिणाऱ्याने 'लो' चं भाषांतर केलं, फोटोचं केलं नाही.

ढोकाळीकर
आज पहिला दिवस झाला. तलावपाळीला नेलं होतं सगळ्यांना, म्हणून उशिरा लिहितेय.

दहा वर्षांच्या एकाला सांगितलं, बहिणीचा फोटो खालून काढ. बहीण चार वर्षांची, मक्याचं कणीस खात कठड्याशी उभी. याने मोबाइल जवळजवळ फरशीला टेकवला आणि वर करून काढला. फोटोत दोन नाकपुड्या, एक कणीस आणि आभाळ. त्याचं काही चुकलं नाही, मी 'खालून'च म्हटलं होतं. मला हवं होतं की त्याने तिच्या उंचीला यावं. मग म्हटलं, 'खाली बसून काढ.' तो मांडी घालून बसला, मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर आला, मागे मासुंदा तलावाचं पाणी, आणि पोरगी सरळ त्याच्याकडे बघतेय. एकदम वेगळा फोटो.

म्हणजे इथेही तेच ना? 'खाली' ही जागा आणि 'खालून' ही दिशा?

खाजण
अगदी. आणि तुमचा दुसरा फोटो लो अँगल नाहीच, तो आय लेव्हल झाला. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. मी चिखलात पालथा पडून तुतारी पक्ष्याचा फोटो काढतो तेव्हा लोक म्हणतात, 'काय लो अँगल मारलास!' पक्षी वीतभर, मी वीतभर, कसला लो? मी उभा राहून काढला असता तर तो हाय अँगल झाला असता. कॅमेऱ्याची उंची जमिनीपासून मोजायची नसते, समोरच्याच्या डोळ्यांपासून मोजायची.

उभा-आडवा
आमचा जुना यशिका कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचा असे. बारा फोटोंचा रोल. जुन्या अल्बममधली माणसं किंचित खालून दिसतात, हनुवटी जराशी वर, रुबाबदार. आम्ही मुद्दाम काही केलं नव्हतं, पोट होतं त्या उंचीला कॅमेरा होता.

कोशातला किडा
रशियात रॉदचेंको या फोटोग्राफरने 1928 मध्ये याच पोटाच्या उंचीवर टीका केली होती. बेंबीतून जग बघणं सोडा, वरून बघा, खालून बघा, असा त्याचा आग्रह.

ओघात आणखी एक. 'विहंगम' हा शब्द आपण पार घालवलाय. विहायस् म्हणजे आकाश, त्यातून जाणारा तो विहंग किंवा विहंगम, म्हणजे पक्षी. विहंगम दृश्य हे पक्ष्याला दिसेल तसं दृश्य. आता धबधब्याखाली उभं राहून वर बघत काढलेल्या फोटोलाही लोक 'विहंगम' लिहितात, अर्थ काय तर सुंदर! 1858 मध्ये नादार या फोटोग्राफरने पॅरिसजवळ फुग्यातून फोटो काढला, त्याला म्हणा विहंगम.

खाजण
मग पारसिकच्या डोंगरावरून दिसणारं बेलापूर?

कोशातला किडा
विहंगम म्हणायला हरकत नाही, पक्षी तिरका बघतोच. पण ड्रोन डोक्यावर आणून सरळ खाली बघत घेतलेला तो टॉप शॉट. त्यात माणूस म्हणजे टक्कल आणि दोन खांदे. त्याला विहंगम म्हणवत नाही. 'माथ्यावरून' कसं वाटतं?

उभा-आडवा
आम्ही 'टॉप' म्हणायचो. टॉपच राहू द्या.

ढोकाळीकर
राहू दे. टिपणात आता डावीकडे 'किती?' आणि खाली चेहरा, छातीपर्यंत, कमरेपर्यंत, पूर्ण माणूस, माणूस आणि परिसर. उजवीकडे 'कुठून?' आणि खाली जवळून, लांबून, खालून, वरून, समोरासमोर, खांद्यावरून. क्लोजअप आणि लो अँगलही लिहिलेत, पुढे कुठेही गेली तरी ते शब्द कानावर पडणारच.

फक्त एका मुलीने शेवटी विचारलं, 'आरशातला सेल्फी जवळून की लांबून?' मी उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेलीय.

खाजण
आरशापासून ती एक मीटरवर असेल तर दोन मीटरवरून. प्रकाश जातो आणि परत येतो. म्हणूनच आरशातल्या सेल्फीत नाक नीट येतं.

ढोकाळीकर
हे घरी करून बघितलं आत्ता. येतं खरंच.