दोन फॉर्म १६, दोन्हीत टॅक्स शून्य, तरी पोर्टल २६ हजार मागतंय? (ऑगस्ट २०२५)

गोंधळलेला_पगारी:
मंडळी जरा मदत करा, डोकं बंद पडलंय. गेल्या ऑक्टोबरात नोकरी बदलली. पहिल्या कंपनीत ६ महिने ६० हजार म्हणजे ३ लाख ६०, दुसरीकडे मार्चपर्यंत ७५ हजाराने ४ लाख ५०. दोघांकडून फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) आलेत, दोन्हीत टीडीएस (पगारातून कापलेला टॅक्स) शून्य, देय टॅक्स शून्य. मी आपला निवांत होतो की १० मिनिटांत आयटीआर-१ (साधा रिटर्न फॉर्म) भरून टाकू. काल रात्री इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बसलो, दोन्ही पगार टाकले, एफडीचं १५ हजार व्याज एआयएसमध्ये (खात्याकडची आपल्या उत्पन्नाची यादी) आधीच दिसत होतं ते पण आलं, आणि खाली टॅक्स २६,००० प्लस व्याज वेगळं!! एक रुपया कापला नाही म्हणजे भरायचा नव्हता म्हणूनच ना? की मी फॉर्म चुकीचा भरतोय? न्यू रेजीम (कमी दर, पण बहुतेक सवलती नाहीत) आहे.

बिनधास्त_बाळ्या:
अरे १२ लाखापर्यंत टॅक्सच नाही ना आता, बजेटमध्ये सांगितलं की. पोर्टल गंडलं असेल, दोन दिवसांनी परत बघ.

हिशेबवही:
बाळ्या भाऊ, १२ लाखवालं १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला. हा आत्ता भरतोय ते २०२४-२५ चं, त्याला रिबेट (टॅक्सची माफी) ७ लाखापर्यंतच. या वर्षी निम्मी जनता यातच फसलीये, आमच्या ऑफिसात रोज एक जण हेच विचारतो.

आता मूळ प्रश्न. पोर्टल बरोबर आहे दादा, तुमचे दोन्ही फॉर्म १६ सुद्धा आपापल्या जागी बरोबर आहेत, गंमत तीच आहे. पहिल्या कंपनीने फक्त स्वतः दिलेला पगार धरला, दुसरीला तुमचा आधीचा पगार माहीतच नाही, त्यामुळे दोघांनीही तुम्हाला ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजावट) दिलं, दोघांनीही पहिले ३ लाख माफ धरले आणि दोघांच्याही हिशेबात तुम्ही ७ लाखाच्या आत. पण माणूस एकच ना. ८ लाख १० हजार पगार + १५ हजार व्याज, त्यातून ७५ हजार एकदाच वजा, राहिले साडेसात लाख. ३ ते ७ लाखावर ५ टक्के म्हणजे २० हजार, वरच्या ५० हजारावर १० टक्के म्हणजे ५ हजार, वर ४ टक्के सेस १ हजार. झाले २६,०००. रिबेट गेला कारण ७ लाख ओलांडले.

दुसरीकडे जॉइन होताना फॉर्म १२बी भरून आधीचा पगार कळवायचा असतो, मग तेच दरमहा कापतात. एचआर मागत नाही आणि आपण देत नाही.

गोंधळलेला_पगारी:
१२बी हे नाव आज पहिल्यांदा ऐकतोय 😐 बरं मग ते व्याज कशाचं? शेवटची तारीख तर १५ सप्टेंबर आहे, अजून ऑगस्टच चालूये.

हिशेबवही:
ते उशिरा रिटर्न भरल्याचं नाही, टॅक्स वेळेत न भरल्याचं. टीडीएस जाऊन १० हजार किंवा जास्त निघत असेल तर वर्ष चालू असतानाच ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. नाही भरला म्हणून कलम २३४बी चं व्याज, एप्रिलपासून भरेपर्यंत महिन्याला १ टक्का, आणि हप्ते चुकले म्हणून २३४सी. दोन्ही मिळून तुमचे अडीच हजाराच्या वर जातील. सप्टेंबर उजाडला की अजून एक महिना चढेल, तेव्हा याच महिन्यात भरा.

कोपऱ्यातला:
ओल्ड रेजीम करून बघ की. ८०सी (पीएफ, विमा वगैरे गुंतवणुकीची सवलत) मध्ये दीड लाख दाखव, थोडं एचआरए (घरभाड्याची सवलत), थोडी देणगी. माझ्या ओळखीचा एकजण करून देतो, उलटा रिफंड काढतो. पुरावे जोडायला तर लागतच नाहीत.

हिशेबवही:
जोडायला लागत नाहीत, पण मागितले तर दाखवायला लागतात. खोटं सापडलं तर चुकवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे, आणि नोटीस तुमच्या नावाने येते, त्या ओळखीच्या माणसाच्या नाही. खरी गुंतवणूक असेल तर मात्र जरूर बघा, पगारदाराला रेजीम रिटर्नमध्येच बदलता येते, फक्त मुदतीच्या आत भरायचं. उशिरा भरलं की न्यूच.

गोंधळलेला_पगारी:
बघितलं, राहतो आईवडिलांच्या घरात आणि ८०सी ला पीएफचे ५५ हजार सोडून काही नाही, ओल्डमध्ये ५८ हजाराच्या पुढे गेलं. गुपचूप न्यू 😅

एकदा_पोळलेला:
भरताना एक काळजी घे रे. ई-पे टॅक्समध्ये वर्ष विचारतात तिथे असेसमेंट इयर (कमाईच्या पुढचं वर्ष) म्हणजे २०२५-२६ निवड, आणि प्रकार सेल्फ असेसमेंट (स्वतः हिशेब करून भरलेला टॅक्स), कोड ३००. मी मागे घाईत आधीचं वर्ष टाकलं, पैसे गेले, रिटर्नमध्ये क्रेडिट नाही, वर डिमांडची नोटीस. मग करेक्शनची विनंती टाका, वाट बघा, चार महिने डोक्याला ताप. आणि चलनाचा बीएसआर कोड (बँक शाखेचा), नंबर, तारीख रिटर्नमध्ये आलीये का बघ, नाहीतर हाताने टाक. खाली देय शून्य दिसल्याशिवाय सबमिट करू नको.

गोंधळलेला_पगारी:
अपडेट: भरले एकदाचे, साडेअठ्ठावीसच्या वर गेले व्याजासकट. चलन आपोआप नाही आलं, हाताने टाकलं, मग शून्य झालं. सबमिट पण केलं. हिशेबवही, तुमचे लय उपकार. दादा म्हणू की ताई ते सांगा 😀

हिशेबवही:
ताई. ई-व्हेरिफाय (रिटर्न आपलंच असल्याची ऑनलाइन खात्री) केलंत का? सबमिट केल्यापासून ३० दिवसांत नाही केलं तर वेळेत भरलेलं धरत नाहीत.

गोंधळलेला_पगारी:
...थांबा ताई, आधारचा ओटीपी मागवतो.