मदत हवी आहे: कोर्टात साक्षीला जाताना परवान्याचं रिव्हॉल्वर कुठे ठेवायचं?

काकांना पुढच्या महिन्यात जिल्हा कोर्टात साक्षीला बोलावलंय. त्यांच्याकडे रिव्हॉल्वर आहे, परवाना चालू आहे. मळ्यावर एकटेच राहतात त्यामुळे ते मागे घरी सोडून यायला तयार नाहीत आणि कोर्ट शंभरेक किलोमीटर लांब.

आत न्यायचं नाहीच, त्यावर वाद नको. २०२१ ला दिल्लीत रोहिणी कोर्टात वकिलाच्या वेशात आत शिरून गोळीबार झाला, तेव्हापासून मलाही वाटतं की कोर्टात पोलिसांशिवाय कुणाकडेच हत्यार नसावं, परवाना असो नाहीतर नसो.

परवान्याच्या अटी वाचल्या, त्यात जत्रा, मिरवणूक, शाळा-कॉलेजचा आवार आहे, कोर्टाचं नाव सापडलं नाही. गेटवरच्या हवालदारांना विचारलं तर म्हणाले नाझरांना (कोर्टाच्या ऑफिसचं काम बघणारे अधिकारी) विचारा, तिथून परत गेटवर पाठवलं. वकील म्हणतात गाडीत लॉक करून ठेवा, पण गाडी फुटली तर जबाबदारी काकांचीच ना?

निवडणुकीला पोलीस स्टेशनात हत्यार जमा करतो तसं एका दिवसासाठी कोर्टाजवळच्या स्टेशनला जमा करून पावती मिळते का, की परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच ठेवावं लागतं? आणि अर्ज आधी कुणाच्या नावे द्यायचा? कुणी स्वतः केलंय का असं?