माळ्यावर राहिलेली ०.२२ची जुनी काडतुसे वापरावीत का?

कोकणकडा: परवाना माझ्या नावावर झाल्यानंतर वडिलांची ०.२२ बोल्ट-अॅक्शन रायफल आणि तिच्या ‘लाँग रायफल’ प्रकारच्या काडतुसांची काही खोकी विक्रेत्याकडून नुकतीच ताब्यात मिळाली. वडील असेपर्यंत ही खोकी अनेक वर्षे गोठ्यावरच्या माळ्यावर होती. काही काडतुसे लख्ख आहेत, काहींच्या पितळेवर हिरवे डाग, तर काहींच्या शिशावर पांढरी पूड दिसते. रेंजवर सरावासाठी ती वापरता येतील का? जुन्या दारूचा जोर वाढून रायफल फुटते, असेही ऐकले आहे.

जुनाखेळाडू: कोरड्या, थंड जागी ठेवलेली काडतुसे अनेक दशकांनंतरही व्यवस्थित उडतात, त्यामुळे केवळ वयावरून ती बाद करू नयेत. ही रिमफायर काडतुसे आहेत; त्यांत प्रायमरचे, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणारे, मिश्रण कवचाच्या पोकळ कडेत पसरलेले असते. ओल, तेल किंवा हादऱ्यांमुळे ते एखाद्या ठिकाणी निकामी झाले आणि नेमकी तिथेच फायरिंग पिन (चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारी खीळ) आदळली, तर काडतूस उडत नाही. अशा वेळी ते काढून, थोडे फिरवून पुन्हा लावले की बहुधा उडते. डाग असलेली मात्र वेगळी काढा.

निशाण_नाशिक: फिरवून पुन्हा लावण्याचा सल्ला नव्या मालाला ठीक आहे, या खोक्यांना नाही. जोर वाढण्यापेक्षा तो कमी पडण्याची भीती मला अधिक वाटते. ओल लागलेली दारू अर्धवट जळाली, तर गोळी नळीतच अडकते, आणि ते न कळता मागून दुसरी गोळी झाडली की नळी फुगते किंवा फुटते. अर्धस्वयंचलित रायफलीत असा बार झाला की यंत्रणा बहुधा अडते व आपण सावध होतो. तुमच्या रायफलीत बोल्ट (नळीचा मागचा भाग बंद करणारा दांडा) हातानेच ओढायचा असल्याने तशी सूचना मिळत नाही. म्हणून आवाज दबका आला, धक्का कमी जाणवला किंवा कागदावर छिद्र दिसले नाही, तर तिथेच थांबून रायफल रिकामी करा आणि बोल्ट काढून मागच्या बाजूने नळी आरपार पाहा. बार झालाच नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान तीस सेकंद थांबा, कारण उशिराने पेटणारे काडतूस बोल्ट उघडताना उडाले तर पातळ पितळेचे तुकडे थेट तोंडावर येतात.

पितळ: गोठ्याचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. ब्रिटिशांच्या काळात भारतातील लष्कराने पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेला आपोआप तडे जात, आणि मूत्रातील अमोनिया, दमट हवा व घडवताना पितळेत राहिलेला ताण हे तिन्ही एकत्र आल्याने तसे होते, हे पुढे उघड झाले. गाईम्हशींच्या गोठ्यातही अमोनिया असतोच. त्यामुळे लख्ख दिसणाऱ्या काडतुसाचीही कड आणि गोळीलगतचा भाग भिंगाखाली तपासा. बारीक चीर दिसली किंवा गोळी डुगडुगत असेल, तर ते बाद समजा. डाग घासून काढण्याच्या भरीस पडू नका, कारण दाब कडेवर पडला तर काडतूस हातातच उडू शकते.

जुनाखेळाडू: माळा गोठ्यावरचा होता हे मी नीट वाचले नव्हते, अशा मालाबाबत निशाण_नाशिक यांचेच ऐका. बाद काडतुसे जाळू किंवा पुरू नका; परवान्यावरील नोंदीसह विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात चौकशी करून रीतसर जमा करा.