पोरांना फोटोग्राफी शिकवायची तर कॅमेरा आधी की परवानगी आधी?

गिरणाकाठ
दिवाळीनंतर आमच्या गावच्या वाचनालयात तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींसाठी फोटोग्राफीचा वर्ग घेतला. आठ रविवार, सकाळी दहा ते बारा. तरुण मंडळाने सतरंज्या दिल्या, मोबाइल पोरांनी घरून आणले. एकवीस आले, चौदा टिकले. बाकीचे सात कंटाळा आला म्हणून गळाले असं नाही. कपाशीची वेचणी सुरू होती आणि रविवारी त्यांना शेतात जावं लागत होतं.

पहिल्या दिवशी मोबाइल पिशवीतच ठेवायला सांगितले. मागच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद डकवला, एका कागदाला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडलं आणि दार लावून घेतलं. डोळे सरावायला पाचेक मिनिटं गेली. मग समोरच्या चुन्याच्या भिंतीवर अंगणातला निंब उलटा दिसू लागला, शेंडा खाली, बुंधा वर. त्यातून एक सायकलवाला डोकं खाली करून गेला. एका पोराने भोकावर बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. "म्हणजे मोबाइलमध्ये हेच असतं?" हेच असतं, भिंग आणि सेन्सर नंतर आले. तिसऱ्या रविवारी केळीच्या पानाच्या पट्ट्या ठेवून सायनोटाइप केले. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ साली काढलेली ही रीत. दोन रसायनांचं मिश्रण कागदाला लावायचं, वर पान ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. बादलीत कागद निळा होताना पोरं जी वाकून बघत होती, ते मी विसरणार नाही.

खरा प्रश्न यानंतरचा आहे. सहाव्या रविवारी 'घर' हा विषय दिला. एका पंधरा वर्षांच्या मुलीने आईचे हात आणले. बोंडांनी चिरलेली बोटं, नखांत काळं, मागे परातीतलं कळण्याचं पीठ. खिडकीचा उजेड एका बाजूने आलेला. सगळ्यांत चांगला फोटो तोच होता. २६ जानेवारीला वाचनालयात दोरीला चिमटे लावून प्रदर्शन मांडलं, तेव्हा तो मधोमध लावला. तिची आई आली, बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "भाऊ, हळदीकुंकवाला मी हे हात पदराखाली घेते. ते तुम्ही गावाला दाखवायला लावले?" मी फोटो लगेच उतरवला. पोरगी दिवसभर बोलली नाही.

आता मला वाटतं, सुरुवातीचे तीन-चार रविवार माणसांचे फोटो बंदच ठेवावेत. आधी उजेड बघायला शिकवावं, आणि माणसाला विचारायचं कसं हे शिकवावं. मंडळातल्या बऱ्याच जणांना हे पटत नाही. ते म्हणतात, लग्नाचं शूटिंग शिकवा, पोरं चार पैसे मिळवतील. तुम्हाला काय वाटतं?

जुना स्टुडिओ, भुसावळ
मंडळाचं बरोबर आहे. मी रोलच्या काळापासून या धंद्यात आहे. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले चार वाया गेले तर मालक बोलायचा, म्हणून बटण दाबायच्या आधी डोकं चालायचं. ती शिस्त कॅमेरा हातात असल्यामुळे आली. चार आठवडे नुसती भिंत आणि निंब दाखवाल तर पाचव्या आठवड्याला सातच पोरं उरतील.

भर उन्हात एफ सोळा ठेवायचा, म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक, आणि शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे उजेड किती चटकन टिपायचा त्याच्या, आकड्याएवढा. आयएसओ शंभर असेल तर एक शतांश सेकंद. आपल्या खान्देशाच्या उन्हात हा हिशोब सहसा चुकत नाही. पोराला हे एकदा हाताने करू द्या, छिद्र, शटर, आयएसओ तिन्ही एका दिवसात डोक्यात बसतात.

आणि पैशाला नाकं मुरडू नका. बारावीनंतर घरी बसलेलं पोरगं सीझनमध्ये हळदीची, लग्नाची ऑर्डर घेतं आणि बहिणीची फी भरतं. असे माझ्याकडून शिकून गेलेले आहेत.

सातपुड्याची
मी धडगाव भागातली, पावरा आदिवासी. नंदुरबारला शिकते. गिरणाकाठ दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुमचा नियम सगळीकडे लावू नका.

आमच्याकडे कॅमेरे कमी नाहीत. आमच्या भागातल्या काठी गावच्या होळीला बघा. रात्रभर बावा, बुध्या बनलेले लोक नाचतात, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप. पहाटे होळी पेटते तेव्हा माणसांपेक्षा लेन्सा जास्त वाटतात. पुण्या-मुंबईचे लोक चेहऱ्याजवळ येऊन फ्लॅश मारतात, कुणी विचारत नाही. ते फोटो बक्षिसं मिळवतात, खाली 'आदिवासी' एवढंच लिहिलेलं असतं. माझ्या मामाचा तसा फोटो मी एका कॅलेंडरवर पाहिला आहे, नाव नव्हतं.

ज्यांचे फोटो कायम दुसऱ्यांनी काढले, त्यांच्या पोरांना तुम्ही आणखी चार आठवडे थांबा म्हणणार? परवानगीचा धडा द्या, पण तो आधी त्या बाहेरच्यांना द्या. आमच्या पोरांच्या हातात कॅमेरा आजच द्या.

गिरणाकाठ
ताई, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण एक विचारतो. माझ्या वर्गातली मुलगी बाहेरची नव्हती, घरचीच होती. तरी आईला ते उघडं पडल्यासारखं वाटलं. आपल्या माणसाने काढला म्हणून फोटो आपोआप आपला होतो का?

सातपुड्याची
नाही होत. पण ती पोरगी चुकली नाही, प्रदर्शन चुकलं. फोटो काढणं आणि भिंतीवर लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. आईने मुलीला काढू दिला होता, गावाला दाखवायला नाही. तुम्ही फोटो उतरवलात ते बरोबर केलंत, पण पोरीशी नंतर बोललात का?

दोन पोरींची आई, यावल
तुम्ही सगळे कलेचं बोलताय. आमच्याकडे पोरीच्या हातात मोबाइल म्हटलं की आधी सासर आठवतं लोकांना. आमच्या नात्यातल्या एका मुलीचा शाळेच्या गॅदरिंगमधला फोटो कुणीतरी कापून, घाणेरडा मजकूर लिहून ग्रुपवर टाकला. तिचं कॉलेज सुटलं. ज्याने टाकला तो मोटारसायकलवर फिरतोय. म्हणून मी माझ्या पोरींना अशा वर्गाला पाठवणार नाही. कोणी मला मागासलेली म्हणो.

अमळनेरचा, सध्या पुण्यात
ताईंची भीती खरी आहे, आणि कायदासुद्धा त्याच दिशेने गेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती मागितली आहे. वर्गाने प्रत्येक घरी जाऊन ती लेखी घ्यावी.

पण माझी शंका वेगळी आहे. झाना ब्रिस्की या छायाचित्रकार बाईंनी कोलकात्यात सोनागाछी या वेश्यावस्तीतल्या मुलांना कॅमेरे दिले, त्यावरच्या माहितीपटाला २००५ साली ऑस्कर मिळालं. फोटो विकून मुलांच्या शिक्षणासाठी पैसे उभे केले. तरी काही मुलं बोर्डिंगात टिकली नाहीत, काहींना घरच्यांनी परत नेलं. आठ रविवारांत आपण पोरांना डोळे देतो, मग त्या डोळ्यांना दिसतं त्याचं काय करायचं, हे सांगायला नवव्या रविवारी कोणी नसतं. वर्ग दोन महिन्यांचा असेल तर घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कलाशिक्षक, चाळीसगाव
हे टोकाचं झालं. मग गावात काहीच सुरू होणार नाही.

मला आश्चर्य वाटतं की इतकं बोलणं झालं आणि कुणी केकी मूस यांचं नाव घेतलं नाही. चाळीसगावात रेल्वे स्टेशनजवळच्या घरात हा माणूस आयुष्य काढून १९८९ साली गेला. घराबाहेर फारसा पडला नाही. टेबलावर लहान-लहान वस्तू मांडून, दिवे हलवून, त्याने असे फोटो केले की बघणाऱ्याला खरा देखावा वाटावा. टेबल-टॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. ते घर आज कलादालन आहे, दरवर्षी मी पोरांना घेऊन जातो.

गिरणाकाठ यांचा पेच तिथे बराचसा सुटतो. पहिले रविवार टेबलावर घालवा. एक वांगं, पितळी तांब्या, टॉर्च. वांग्याच्या सालीवर उजेड कुठे चमकतो, सावलीची कड कधी धारदार होते आणि कधी मऊ, हे पोराला कळलं की चेहऱ्याचा उजेड कळतो. वांग्याला परवानगी विचारावी लागत नाही आणि पोरींच्या आयांनाही भीती वाटत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला पोरं स्थिरचित्र काढतातच, त्यांना हे नवखं नाही.

जुना स्टुडिओ, भुसावळ
सर, मूससाहेबांबद्दल आदर आहे. आमचे उस्ताद त्यांच्या प्रिंट बघून गप्प बसायचे. पण चौदा वर्षांच्या पोराला वांगं दोन रविवार पुरतं. त्याला मित्र काढायचा असतो, बैल काढायचा असतो, केळीचा ट्रक भरणारे मजूर काढायचे असतात. माणसाशी बोलत फोटो काढणं बंद खोलीत येत नाही. नवरीकडची आजी रुसून बसलेली असते, तिला बोलतं करून फ्रेममध्ये आणायचं, हे मी बाहेरच शिकलो. विचारायला शिकवायचंय ना? मग विचारायला पाठवा.

पारोळा रोड
स्टुडिओ नाना, तुमनं म्हननं खरं शे.

अकरावी सायन्स
मी गिरणाकाठ सरांच्या वर्गात होते. तो फोटो माझा नाही, मैत्रिणीचा आहे. तिला विचारून लिहिते आहे.

सर, तुम्ही परवानगीचं बोलताय, पण आमची अडचण त्याच्याआधीची होती. मोबाइल वडिलांचा. तो रविवारी दोन तास मिळायचा, तेवढ्यात तीन फोन यायचे. मुलांकडे स्वतःचे होते, ते आठवडाभर फोटो काढायचे आणि रविवारी चाळीस दाखवायचे. आम्ही चार. तुम्ही म्हणायचात, मुलींनी कमी काम केलं. आम्ही कमी केलं नाही, आमच्याकडे दिवसच नव्हते.

मैत्रिणीने आईचा फोटो रात्री साडेनऊला घेतला असता तर बल्बचा पिवळा उजेड आला असता. सकाळचा उजेड मिळावा म्हणून तिने वडिलांना तीन दिवस विनवलं, तेव्हा कुठे पंधरा मिनिटं मोबाइल मिळाला. त्या घाईत आईला नीट सांगायचं राहिलं. तुम्ही फोटो उतरवल्यावर ती रडली ती आईसाठी. तिला वाटलं, आपण आईला लाजवलं.

वाचनालयाने एक कॅमेरा घ्यावा. पुस्तकासारखा रजिस्टरवर द्यावा, आठवडाभरासाठी, आधी मुलींना. त्याला सिम नसतं, ग्रुप नसतो. यावलच्या काकूंना मी हे घरी येऊन सांगायला तयार आहे.

दोन पोरींची आई, यावल
बाळा, सिम नसलेला कॅमेरा असेल आणि फोटो वाचनालयाबाहेर जाणार नसतील, तर मोठीला पाठवीन. धाकटीचं नंतर बघू.

गिरणाकाठ
तुझं वाचून दोनदा उठलो आणि परत बसलो. मुलींनी कमी काम केलं असं मी म्हणालो होतो, एकदा नाही, बऱ्याचदा. तुझी आणि तुझ्या मैत्रिणीची माफी मागतो. तिच्या घरी मी या रविवारी जातो. तो प्रिंट माझ्याकडेच आहे, तो तिच्या आईच्या हातात देतो. त्याचं पुढे काय करायचं ते त्या ठरवतील.

माणसांचे फोटो बंद, हा माझा आग्रह मी सोडतो. दोन रविवार टेबलावर, तिसऱ्यापासून बाहेर. बाहेर जाताना दोघं-दोघं, एक फोटो काढेल, दुसरा आधी बोलेल. भिंतीवर लावायच्या आधी प्रत्येक प्रिंट त्या माणसाला घरी नेऊन दाखवायचा. अमळनेरकर, नवव्या रविवारचं उत्तर माझ्याकडे नाही, पण रजिस्टर वर्षभर उघडं राहील एवढं करता येईल. कॅमेऱ्यासाठी मंडळ गणपतीच्या वर्गणीतून काही देतं का विचारतो. सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्ससकट जुना डीएसएलआर कॅमेरा बघावा लागेल.

जुना स्टुडिओ, भुसावळ
वर्गणी राहू द्या. माझ्याकडे एक पडून आहे, लग्नाच्या कामाला आता चालत नाही, शिकायला उत्तम आहे. दोन बॅटऱ्या आहेत, एक लवकर उतरते. दसऱ्याला दुकानात हत्यारांची पूजा झाली की नवीन पट्टा लावून पाठवतो. कव्हरवर वाचनालयाचा शिक्का मारून घ्या. आणि पहिली नोंद त्या अकरावीच्या पोरीच्या नावाने करा.