आर-290 (प्रोपेन) आणि आर-600ए (आयसोब्युटेन) हे पेटणारे फ्रीजचे गॅस: दाबाचा गेज शून्यावर आला की जोडकामाचा गॅस टॉर्च लावायचा का?

खानापूर_कूलिंग
नमस्कार मंडळी. एका बेकरीचा व्हिझी कूलर (काचेच्या दाराचा) आहे, गॅस आर-290, प्लेटवर 110 ग्रॅम लिहिलाय. कॉम्प्रेसर बदलायचाय. शिवाय आर-600ए चे दोन घरगुती फ्रीज भंगारात जाणार आहेत. जुन्या, न पेटणाऱ्या आर-22 गॅसचं रिकव्हरी मशीन (गॅस ओढून घेणारं) चालेल का? पावसामुळं बेकरीचं मागचं दार बंदच असतं, मग काम आत करावं का? आणि गेज शून्यावर आला की टॉर्चनं पाईप सोडवला तर चालेल?

उद्यमबागकर
टॉर्चचं आधी सांगतो, माणसं तिथंच भाजतात. गेजवर शून्य म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेएवढा झाला, इतकंच. पाईपभर गॅस तसाच असतो. कॉम्प्रेसरच्या तेलातही तो विरघळलेला असतो आणि तेल तापलं की सुटतो.

म्हणून गॅस ओढताना कॉम्प्रेसरच्या तळाला गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा. हीट गन नको. मग व्हॅक्यूम, मग कोरडा नायट्रोजन 5 पीएसआयपर्यंत भरून नळीनं बाहेर सोडा, परत व्हॅक्यूम, परत नायट्रोजन. त्यानंतर पाईप कटरनं कापा, ड्रायरसुद्धा (ओल शोषणारा फिल्टर) कापूनच काढा. ब्रेझिंग (टॉर्चनं पाईप जोडणं) अगदी शेवटी, आतून नायट्रोजनची बारीक धार चालू ठेवून. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीच नाही.

व्हॅक्यूम पंपाच्या तोंडातूनही हाच गॅस पडतो, त्यालाही बाहेर नेणारी नळी लावा. पंप त्याच्या स्वतःच्या बटणावर चालू-बंद करू नका, लांबच्या प्लगवरून करा. ठिणगी पडते ती बटणातच.

आर-22 च्या मशीनचं म्हणाल तर नको. त्यातले रिले आणि प्रेशर स्विच उघडे असतात. कमी पेटणाऱ्या आर-32 ला चालणारं मशीनही प्रोपेनला चालेलच असं नाही. मॅन्युअलमध्ये ए-3 (सहज पेटणाऱ्या गटाचा) गॅस स्पष्ट लिहिलेला हवा.

निपाणी_डीपफ्रीझर
उद्यमबागकर अण्णांच्या म्हणण्यात आर-600ए ची भर घालतो. हा फ्रीज चालू असताना लो साइडला (कॉम्प्रेसर गॅस ओढतो ती बाजू) हवेच्या दाबापेक्षा कमी दाब असतो. तिकडं लीक असेल तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि पेटणारं मिश्रण पाईपमध्येच तयार होतं. "गॅस संपलेला फ्रीज" म्हणून आलेल्यावर थेट टॉर्च लावू नका, त्याचं कारण हेच.

काम आत नको. गाडीवर घालून पत्र्याच्या शेडखाली आणा. आयसोब्युटेन हवेपेक्षा दुप्पट जड, जमिनीलगत साचतो. 1 घनमीटर हवेत साधारण 43 ग्रॅम झाला की पेटू शकतो. 24 घनमीटरच्या खोलीत 60 ग्रॅम नीट पसरला तर काही होत नाही, पण 200 लिटरच्या बंद फ्रीजमध्ये 9 ग्रॅमच पुरतात. त्यामुळं काम चालू असताना फ्रीजचं दार सताड उघडं ठेवा आणि आतल्या दिव्याचा, थर्मोस्टॅटचा प्लग आधीच काढा. घरच्या सिलिंडरसारखा वास याला नसतो. हायड्रोकार्बनचा (प्रोपेन, आयसोब्युटेनसारख्या गॅसचा) डिटेक्टर फरशीवर ठेवा. आर-22 चा डिटेक्टर हा गॅस ओळखतच नाही.

खानापूर_कूलिंग
मग फ्रीजमधला 50-60 ग्रॅम गॅस मोकळ्यावर सोडला तर?

उद्यमबागकर
एवढ्याशा हायड्रोकार्बनला ती मान्य पद्धत आहे. क्लॅम्प व्हॉल्व्ह (पाईपला टोचून बसणारा) लावून लांब नळी उघड्यावर न्या. गटार, तळघर, खिडकी, स्कूटर, विडी ओढणारा माणूस, सगळ्यांपासून 3 मीटर तरी लांब. हळू सोडा. आर-134ए (फ्रीजमधला न पेटणारा गॅस) मात्र असा सोडायचा नाही.

कूलरचा गॅस सिलिंडरमध्ये घेणार असाल तर तो फक्त प्रोपेनसाठी ठेवा, आधी व्हॅक्यूम करा आणि काट्यावर ठेवूनच भरा. प्रोपेन हलका असतो. ज्या सिलिंडरमध्ये आर-22 10 किलो घेता, त्यात प्रोपेन 4 किलोच. जुन्या अंदाजानं भरला तर वर मोकळी जागा उरत नाही, आणि उन्हात द्रव फुगला की सिलिंडर फुटतो.

निपाणी_डीपफ्रीझर
भंगारवाल्याला एक नक्की सांगा दादा. अशा फ्रीजच्या भिंतीतल्या फोममध्ये बहुधा सायक्लोपेंटेन असतो, तोही पेटतो. गॅस काढला तरी बॉडी गॅस कटरनं कापायची नाही. कॉम्प्रेसर तेलासकट द्यायचा तर दोन्ही नळ्या चेपून बंद करा आणि वर "ज्वलनशील" लिहा, मराठीत आणि कन्नडमध्येही.