पाउन्स म्हणजे नुसती उडीच का? अन् हा शब्द आला कुठून?

परभणीकर:
पोरगी सहावीला हाय, सेमी इंग्लिश. धड्यात मांजर उंदरावर पाउन्स करतंय, गाईडमध्ये अर्थ दिलाय 'उडी मारणे'. आता जंप म्हणजेबी उडी, लीप म्हणजेबी उडी, मग ह्यात वेगळं काय असं ती विचारायलीय. कुणीतरी जरा इस्कटून सांगा राव.

गोदाकाठचा मास्तर:
उडी नव्हे, झडप. जंप कुणीबी कशासाठीबी मारतंय, बेडूक मारतो, लेकरं कट्ट्यावरून मारतात. पाउन्सला मात्र समोर कुणीतरी धरायला पाहिजे, म्हणून त्याच्यामागं बहुतेक वेळा ऑन लागतं. आन मूळ शब्द मांजराचा नाहीच, पक्ष्याचा हाय. पंधराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत शिकारी पक्ष्याच्या नखीला पाउन्स म्हणायचे, ससाणे पाळणारे तर इतके काटेकोर की मागच्या बोटाची नखी ती टॅलन आन बाकीच्या त्या पाउन्स. क्रियापद मागून आलं, १६८० च्या दशकात, ससाण्यानं वरून येऊन नख्यांत धरणं असा सरळ अर्थ. आपल्याकडं घार कोंबडीचं पिल्लू उचलून नेते ना, ते अस्सल पाउन्स. मांजर, बिबट्या हे सगळे नंतर त्यात शिरले.

लातूरची ताई:
पण नखीलाच पाउन्स का म्हणले?

गोदाकाठचा मास्तर:
ताई, बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या टोकदार हत्याराच्या नावावरून. त्याचं मूळ लॅटिनमधी टोचणे ह्या अर्थाच्या धातूत सांगतात, आन त्याच धातूतून आपलं रस्त्यावरचं पंक्चर बी आलंय.

अंबाजोगाई:
अरे पण पाउन्स नावाची पावडर पण असते की! आम्ही ड्रॉइंगला वापरलीय. तिचा अन् नखीचा काय संबंध?

गोदाकाठचा मास्तर:
काहीच नाही, नुसता उच्चार सारखा. ती पावडर प्युमिस दगडाच्या लॅटिन नावावरून, फ्रेंचमधून आलेली. पूर्वी शाई पसरू नये म्हणून कागदावर घासायचे, आन भोकं पाडलेल्या कागदावरून थापून नक्षी खाली उतरवायचे.

लातूरची ताई:
म्हणजे आपला रांगोळीचा ठिपक्यांचा कागद! उदबत्तीनं भोकं पाडायची अन् वरून रांगोळी सोडायची. दिवाळीला आमच्यात त्यावरून भांडणं व्हायची, कागद एकच अन् अंगणं चार.

परभणीकर:
लई भारी माहिती मिळाली. क्रिकेटमधी कॉमेंट्रीवाला म्हणतो फिल्डर पाउन्स्ड ऑन द बॉल, ते आत्ता डोक्यात बसलं, म्हणजे बॉलवर झडपच घातली की त्यानं. कुणाच्या चुकीवर टपून बसायचं अन् सापडली की धरायचं, त्यालाबी चालतंय का?

गोदाकाठचा मास्तर:
चालतंय की. चुकीवर, संधीवर, शेजाऱ्याच्या बोलण्यावर, सगळ्यावर.

परभणीकर:
मग पेपरात झडप लिहिलं तर मार्क देतील ना?

अंबाजोगाई:
तपासणाऱ्याकडं बी तेच गाईड असतंय दादा, आधी मॅडमला विचारून घ्या 😄